गिअरबॉक्सचे तेल आणि मीमांसेतील प्रतिनिधिविचार

विहित वस्तू हाताशी नसेल तेव्हा तिच्या जागी दुसरी कोणती चालते, आणि मुळात दुसरी घेण्याची मुभा केव्हा असते, हा प्रश्न पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, फार बारकाईने तपासला आहे. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात या ‘प्रतिनिधी’ची, म्हणजे मूळ द्रव्याऐवजी घ्यायच्या द्रव्याची, सविस्तर चर्चा येते. हा विचार यज्ञमंडपापुरता राहिला नाही. धर्मशास्त्रकारांनी दत्तकाला पुत्राचा प्रतिनिधी मानले ते याच चौकटीत, आणि कोकणात जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात मीमांसेच्या नियमांचा हा व्यापक उपयोग विस्ताराने दाखवला आहे. वेगवान मोटारीच्या मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर बदलण्याच्या, गिअरबॉक्समध्ये कोणते तेल घालावे हा प्रश्नही त्याच चौकटीत बसतो, आणि तेथे चूक झाली तर ती धातूवर उमटते.

या तेलाला दोन विरोधी वाटणारी कामे करायची असतात. गिअरच्या दात्यांवर प्रचंड दाब येतो, म्हणून तेथे तेलाचा पापुद्रा तुटता कामा नये. याउलट चालक क्लच दाबून दांडा पुढे ढकलतो तेव्हा सिंक्रो रिंग नावाची खाचदार, बहुधा पितळी, कडी फिरत्या गिअरच्या निमुळत्या कडेवर दाबली जाते. खाचांतून तेल निमिषात बाहेर सरावे लागते, कडीने गिअरला घासून धरावे लागते, त्या घासण्याने दोघांची गती सारखी होते आणि मगच गिअर न करकरता पडतो. दात्यांपाशी घर्षण टाळायचे आणि कडीपाशी ते राखायचे, ही दोन्ही कामे एकाच तेलाकडे आहेत. मीमांसेच्या भाषेत हा ‘विकल्प’ नव्हे, कारण विकल्पात दोहोंपैकी एक सोडता येते. हा ‘समुच्चय’ आहे, म्हणजे दोन्ही साधावीच लागतात. घर्षणाला सरसकट शत्रू मानून सर्वांत निसरडे तेल शोधणारा मालक येथेच फसतो.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रचलित वर्ग आहेत. जीएल-५ मध्ये अतिदाब सोसण्यासाठी घातलेली गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, कारण ते हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे जीप-ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या दात्यांसाठी, योजलेले आहे. तेच तेल पितळी कडीपाशी आले तर कडीची पकड कमी होऊ शकते, आणि तेल तापल्यावर त्यातील सक्रिय गंधक तांब्याच्या मिश्रधातूला खाऊ लागते. पितळेला न बाधणारी जीएल-५ तेलेही निघाली आहेत, पण तो अपवाद पुरावा पाहूनच मान्य करावा. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा असल्याने पाचाचे तेल श्रेष्ठ, ही समजूत मात्र टाकून दिली पाहिजे, कारण हे वर्ग वेगवेगळ्या कामांचे आहेत.

मीमांसेतील उदाहरण येथे नेमके लागू पडते. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात अर्पण करायच्या रोटासाठी, सांगितलेले भात मिळाले नाही तर नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे देवभात, घ्यावे. कारण भाताचेच पुष्कळ अवयव त्यात असतात. उडीद मात्र मुगासारखे दिसले तरी मुगाऐवजी चालत नाहीत, कारण ते यज्ञाला निषिद्ध आहेत. सोमाऐवजी पूतिका ही वनस्पती घ्यावी असे वचनच असल्याने तेथे साम्य शोधत बसायचे कारण उरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत पर्यायी तेल छापलेले असते, त्याचा दर्जा असाच आहे.

याहून मोलाचा भेद नित्य आणि काम्य कर्मांचा आहे. नित्य, म्हणजे चुकवता न येणारे, कर्म अंगे थोडी उणी असली तरी करावे. काम्य, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, कर्म सर्व अंगे यथाविधी असतील तरच आरंभावे, मात्र आरंभानंतर द्रव्य नष्ट झाले तर प्रतिनिधीने ते पुरे करावे. गाड्यांतही हा भेद दिसतो. नांदगाव हे कणकवली तालुक्यातील मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. तेथील तिठ्यावरून पश्चिमेला देवगड आणि पूर्वेला फोंडा घाटातून दाजीपूर, राधानगरीकडे रस्ता जातो. त्या रस्त्याने रोजची ये-जा करणाऱ्या साध्या गाडीत जवळपासचे तेल काही काळ निभावते. रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊन २०१५ मध्ये बाजारात आलेल्या १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोसारखी गाडी मात्र वेगाच्या फळासाठीच घेतलेली असते. तिचे घाट चढणे काम्य कर्माच्या जातीचे आहे. दमदार गाडीला वाटेल ते जालीम तेल चालते, असे तिच्या हौशी मालकाला वाटते, पण खरी स्थिती उलट आहे, कारण जितका भार मोठा तितकी चुकीला जागा कमी. घाटात तेल गळून गेले तर गावी पोचण्यापुरते सदृश तेल भरणे समर्थनीय आहे, तेच तेल पुढे वर्षभर ठेवणे नव्हे.

घट्टपणाचाही विचार याच दृष्टीने करावा. डब्यावरच्या ७५डब्ल्यू-९० सारख्या खुणेतील ‘डब्ल्यू’सह असलेला आकडा थंडीतील प्रवाहीपणा सांगतो, आणि ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंश सेल्सियसला घेतली जाते, कोकणच्या हवेत त्याला फारसे काम नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरील घट्टपणाचा, आणि घाटात तोच तारतो. तरी गॅरेजातले ‘नव्वद नंबर’ प्रत्येक गाडीला लागू नाही, कारण आजचे पुष्कळ निर्माते त्याहून पातळ तेल सांगतात, आणि ‘नव्वद नंबर’ म्हटल्याने ते जीएल-४ की जीएल-५ हेही कळत नाही.

द्रव्याला प्रतिनिधी असतो, यजमानाला, म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ चालतो त्याला, नसतो, असेही त्याच पादात ठरवले आहे. तेव्हा डबा फोडण्यापूर्वी त्यावरचा वर्ग आणि पुस्तिकेतील तेलाचे पान मालकाने स्वतः ताडून पाहावे, आणि दोन्ही जुळत नसतील तर तो डबा परत करावा.