फुकटाचे मोल

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८४०) वर्गणी भरली की सधनाच्या व निर्धनाच्या हाती तेच पुस्तक येते. २००४ साली अमेरिकेत निघालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा सामुदायिक संगणकखेळही असाच, दरमहा सुमारे १५ डॉलर घेऊन चाले. २०२१ पासून आमच्या मुलांच्या हाती आलेला ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ मात्र फुकट आहे. मग त्याचा खर्च कोण सोसतो? ‘यूसी’ हे खेळातले चलन रुपये मोजून घेणारे. त्यातून पोशाख मिळतात, बंदुकांची रंगीत आवरणे मिळतात. कित्येकदा बंद पेटीतून, म्हणजे केवळ नशिबाने.

पण पाहणारेच नसतील तर भरजरी पोशाख कोण विकत घेईल? फुकट खेळणारे मूल तेथे पाहुणे नव्हे, जमवलेला प्रेक्षक असते. हेच आम्हांस खटकते. उंची वस्त्रे पाहून मानाची जागा देणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. वर्गणी गरिबाला दाराशीच अडवते, हा तिचा दोष आम्ही झाकत नाही. परंतु आत आलेल्याच्या कपड्यांकडे ती पाहत नाही. महिन्याची वर्गणी मागणाऱ्या मुलास आपण चटकन नकार देतो. फुकट खेळणाऱ्यास मात्र घरात कोणी काही विचारीत नाही.