पासवरचा हक

रविवारी घरी असलेल्या माणसाचा रेल्वेचा पास त्याच्या धाकट्या भावाने वापरला, तर त्यात वावगे काय? मुंब्रा, कुर्ला, मीरा रोडकडच्या कितीतरी घरांत हा प्रश्न कुणाला पडतही नाही. भावाला मस्जिद बंदरला माल आणायला जायचे असते, पास खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात असतो. ‘पैसे तर भरलेलेच आहेत. माझ्याऐवजी तो गेला. रेल्वेचे काय गेले?’ हा युक्तिवाद नमाजी-परहेजगार माणसेही करतात, आणि ऐकायला तो बिनतोड वाटतो.

पण आधी हिशेब पाहू. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण १५ एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात मिळतो. महिन्यातले २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो. म्हणजे आठव्या दिवशीच पास वसूल होतो. जून २०१४ मध्ये पासची किंमत ३० फेऱ्यांच्या हिशेबाने लावण्याचे रेल्वेने जाहीर केले होते. मुंबईत एवढी ओरड झाली की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. ओरड करणाऱ्यांत आपणही होतोच.

इतक्या स्वस्तात मिळणारी ही गोष्ट म्हणजे फेऱ्यांची ठोक खरेदी नव्हे. हा माणूस, ही दोन स्थानके, ही मुदत, असा तो करार आहे. म्हणून तर त्यावर ओळखपत्राचा क्रमांक असतो आणि रेल्वे कायद्याने तो दुसऱ्याला देण्यास मनाई आहे. रविवारच्या न वापरलेल्या फेऱ्या आपली मिल्कियत नाहीत की त्या भावाला बक्षीस द्याव्यात. फिकहमध्ये याला इजारा म्हणतात. भाड्याच्या जनावरावर कोण बसणार हे करारात ठरले असेल, तर तिथे दुसऱ्याला बसवता येत नाही, ही चर्चा हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत आहे. घोड्याच्या जागी लोकल आली, एवढाच फरक.

दुसरा हिशेब याहून उघड. विनातिकीट पकडले गेले तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडे. तीन-चार महिन्यांत एकदा पकडले गेलो तरी पासापेक्षा स्वस्त पडते, असे म्हणणारे तरुण प्रत्येक डब्यात भेटतात. ते दंडाला किंमत समजतात. दंड भरला की विषय मिटला, असे त्यांना वाटते. पण दंड त्या एका दिवसाचा. न पकडलेल्या दिवसांचे भाडे कुणाचे?

सरकारचे, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. मात्र रेल्वे प्रवासी वाहतुकीतला तोटा बऱ्याच अंशी मालवाहतुकीच्या कमाईतून भरून काढते. धान्य, सिमेंट, खत, कोळसा यांच्या भाड्यातून. म्हणजे आपल्या फुकटच्या फेरीचा एक दाणा मराठवाड्यातल्या एखाद्या विधवेच्या खताच्या पोत्यात जाऊन बसतो. शेजाऱ्याचा हक मारला तर निदान त्याच्या दारात जाऊन माफी मागता येते. बंद्यांचा हक अल्लाहही परस्पर माफ करत नाही असे आपण मिंबरवरून ऐकतो. इथे तर हक असलेले बंदे करोडो, आणि एकाचाही पत्ता आपल्याकडे नाही.

इथवर उत्तर सरळ आहे. अवघड भाग पुढे आहे.

सवलत मिळते कुणाला? आगाऊ रक्कम ज्याच्या हातात आहे त्याला. एसटीचा मासिक पास २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस चालतो, त्रैमासिक ५० दिवसांचे भरून ९० दिवस. समजा एका बाजूचे तिकीट ६० रुपये आहे आणि महिन्याला २५ दिवस जावे लागते. ज्याच्यापाशी ६००० आहेत तो त्रैमासिक पास काढून महिन्याला १००० वाचवतो. ज्याच्यापाशी २४०० आहेत तो मासिक काढून ६०० वाचवतो. ज्याच्यापाशी फक्त आजचे १२० आहेत तो काहीच वाचवत नाही. तिघांची सीट तीच, खड्डेही तेच. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले, त्याबरोबर ही उडीही उंचावली. (बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ती गोष्ट वेगळी.)

नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याला उद्या काम पनवेलला लागेल की भिवंडीला, हेही ठाऊक नसते. पास त्याच्या कामाचाच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून लस घेतलेल्यांसाठी लोकल खुली झाली, तेव्हा सुरुवातीला एकेरी तिकीट मिळतच नव्हते. चार दिवसांच्या मजुरीसाठी महिन्याचा पास काढावा लागे. गरिबांसाठी २००९ मध्ये ‘इज्जत’ नावाचा पास निघाला होता, २५ रुपयांत १०० किलोमीटरपर्यंत. अट अशी की महिन्याचे उत्पन्न १५०० च्या वर नसावे. नाव आपल्या ओळखीचे होते, पण एवढ्या कमी कमाईत घर चालवणारा दाखला मिळवायला कुठल्या दिवसाची मजुरी बुडवणार?

म्हणून भाऊ पास वापरतो तेव्हा त्याला ‘हराम’ एवढेच सांगून उठून जाणे मला पटत नाही. त्याच्याकडे महिन्याच्या पहिल्या तारखेला रक्कम नसते, आणि ती कर्जे-हसना म्हणून देणे आपल्या सहज हातात असते. रमजानमध्ये आपण राशनच्या पिशव्या वाटतो, फोटोही निघतात. त्यातलाच थोडा पैसा मोहल्ल्यात फिरता ठेवला तर? वरच्या हिशेबातला माणूस मासिक पास काढून ६०० वाचवेल आणि त्यातूनच दरमहा ३०० फेडेल. आठ महिन्यांत २४०० परत येतील, तेच दुसऱ्याला देता येतील. जो फेडूच शकत नाही, त्याला जकातीतून द्यावे; रक्कम त्याच्याच हातात दिली की मालक करण्याची अटही पुरी होते.

‘पैसे बुडाले तर?’ असे जमातीच्या बैठकीत कुणीतरी विचारणारच. काही बुडतील. पंखे आणि गालिचे घेताना आपण तो प्रश्न विचारत नाही.