आभासी टोला आणि खरा हात

एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा निघतो, तेव्हा डोळ्यांना फक्त एकामागून एक दोन हालचाली दिसतात. ‘पहिल्यामुळे दुसरी’ हे मन सवयीने जोडते, असे डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात मांडले. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांना १९४६ मध्ये वेगळे आढळले. निव्वळ रंगीत आकार सरकवले तरी टक्कर थेट ‘दिसते’, विचार करावा लागत नाही. मात्र दोन हालचालींत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी फट पडली की हा भास ओसरतो.

नाशिकमध्ये या भासावर सिनेमाचा एक उद्योगच उभा राहिला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ हा चित्रपट काढला. कृष्ण डोहात उडी घेतो आणि मग पाण्याखाली कालियाशी झुंजतो. हे तुकडे कात्रीने कापून जोडलेले. तरी उडीमुळेच तो तळाशी पोचला, याची प्रेक्षकाला शंका येत नाही. गंमत अशी, की फाळके सुरुवातीलाच आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, चेहरा तऱ्हेतऱ्हेचे भाव करताना दाखवतात आणि मग ती कृष्णवेषात दिसते. युक्ती आधी उघड करूनही परिणाम उणावत नाही.

आभासी वास्तवात पाहणाऱ्याचा हातच या कार्यकारणाच्या साखळीत ओढला जातो. संवेदक हाताची हालचाल टिपतात, संगणक टक्कर झाली का ते गणिताने ठरवतो आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र काढतो. अशा खेळात चित्रातल्या बॅटने चित्रातल्या चेंडूला काहीच केलेले नसते. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, घटाची कारणे मोजताना कुंभार, दंड, चक्र धरतात. माती वाहणारे गाढव ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे कार्य घडायला अनावश्यक, म्हणून वगळतात. आभासी बॅट या गाढवाच्या रांगेतली. हात मात्र नव्हे. तो हलला नसता तर चेंडू गेलाच नसता. त्यामुळे सगळेच खोटे म्हणणे घाईचे ठरते: कर्ता खरा, मधला दुवा तेवढा बदललेला.

ही अदलाबदल खपते ती वेगामुळे. डोके वळणे आणि दृश्य बदलणे यांत साधारण २० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडू नये, असे उपकरणकर्ते पाहतात. अंतर वाढले की मळमळू लागते. स्पर्शाची बाजू अजून लंगडी आहे. आभासी टेबलावर टेकायला गेलेला हात आरपार जातो. हातातल्या कंट्रोलरची थरथर टक्कर झाल्याचे कळवते, पण हाताला अडवत नाही. त्यामुळे टोला आपण मारला हे पटते. चेंडूनेही उलट धक्का दिला, हे पटत नाही.