हजेरीचं यंत्र काय मोजतं

अहमदपूर लातूर आणि नांदेडच्या साधारण मध्यावर आहे. मुलांची शाळा, क्लास, म्हाताऱ्यांचे दवाखाने त्या शहरांत आणि नोकरी इथे, म्हणून कितीतरी कर्मचारी रोज अप-डाउन करतात. अशा माणसांच्या दिवसात अंगठ्याचं यंत्र आलं.

ते उगाच आलं नाही. अंधोरीहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला कचेरीत रिकामी खुर्ची दिसते, तेव्हा त्याचा दिवस वाया जातो. यंत्राची मागणी या संतापातूनच आली आणि तो संताप मला खरा वाटतो.

पण यंत्राला दिसतात फक्त दोन क्षण, येण्याचा आणि जाण्याचा. मधल्या वेळात त्या खुर्चीतून काम झालं का, हे त्याला कळत नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. शनिवार मिळाला, रोजचा दिवस मात्र पाऊण तासाने वाढला: पावणेदहा ते सव्वासहा. त्यात येण्याजाण्याचा रस्ता मिळवला, तर घरी स्वयंपाक वाट पाहत असलेल्या बाईचा दिवस किती उरतो? पूर्वी एसटी उशिरा आली तर साहेब दहा मिनिटं समजून घेत. आता उशिराच्या नोंदी साचल्या की किरकोळ रजा कापली जाते, आणि तीच रजा तिने लेकराच्या आजारपणासाठी राखलेली असते.

दहा मिनिटांचा उशीर नोंदवणारं यंत्र रात्री दहाला बाहेर पडल्याचीही वेळ नोंदवतं. त्या नोंदीचं पुढे काही होत नाही. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात चिखल तुडवत पंचनामे झाले, ते तर कोणत्याच यंत्रासमोर झाले नाहीत. रोजगार हमीच्या कामांवरही 1 जानेवारी 2023 पासून हजेरीसाठी दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो बंधनकारक झाले. तिथे मजुरी कामाच्या मापावर ठरायची, तरी माप लवकर पुरं करणाऱ्याला दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबावं लागे. हजेरी कामाहून मोठी झाली, ती अशी.

माणसाला थकवतं ते मोजणं नव्हे, एकाच बाजूने मोजणं. म्हणून वेळ आठवड्याच्या बेरजेने धरावी. जादा तासांची बदली सुट्टी त्याच नोंदीवरून, अर्ज-विनंत्यांशिवाय मिळावी. आणि लोकांसाठी रोजचे तीन-चार तास पक्के ठरवून दारावर लिहावेत. त्या वेळेत खुर्ची रिकामी दिसली, तर जाब जरूर विचारावा.