बुडालेलं खाचर आणि उसातली मादी

घोडेगाव

चि. सायली,

फोटोंचं एक प्रदर्शन घराण्याचं, दुसरं बिबट्यांचं, असा तुझा बेत कळला. माझं ऐकशील तर दोन करू नकोस. विषय एकच आहे. आपलं जुनं आंबेगाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं. डिंभे धरून कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं, माळावर ऊस आला आणि बिबट्याची मादी उसातच व्यायला लागली. आजीचं भातखाचर ज्या पाण्याखाली गेलं, त्याच पाण्यावर त्या मादीचा आडोसा वाढला.

घरात जुने फोटो नाहीत म्हणून हळहळू नकोस. डोंगरात कॅमेरा होता कुणाकडे? वैशाखात पाणी ओसरलं की आजीला घेऊन काठावर जा. गाळपेर कुणाची, आपला हिरडा कुठे होता, सगळं विचार. मग तिथल्या फोटोचा मोठा प्रिंट तिच्यापुढे ठेव आणि तिलाच त्यावर खुणा करू दे. गौरी गिल यांनी २०१३ पासून डहाणूकडच्या गंजाडच्या राजेश वांगड यांच्याबरोबर असं काम केलंय: छायाचित्रं गिल यांची, त्यांवर वारली रेघा वांगडांच्या. त्यांची नक्कल मात्र नको. आजीच्या वाकड्यातिकड्या रेघाच पुरेत.

धरणग्रस्त म्हटलं की सगळे रडवे चेहरे टिपतात. इथल्या माणसांनी त्याच जलाशयात मासेमारीची सोसायटी उभी केली, पडकईनं, म्हणजे उतारावर बांध घालून, नवी खाचरं बांधली. त्यांच्यासोबत राबणाऱ्या कुसुम कर्णिकांच्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. जाळं ओढणारे हातही घे.

आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले बिबटे नकोत. गजांमागचे चमकते डोळे पाहून पुण्यातले लोक हळहळतील, बस. त्यापेक्षा शेतीची वीज रात्री आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस घे. वाघबारशीला वाघोबापुढे खीर ठेवणारी आपली माणसं घे. भीती आणि नैवेद्य दोन्ही खरे आहेत. त्यातलं एकच दाखवलंस तर मी भांडेन.

प्रत्येक फोटोची एक प्रत ज्याचा फोटो त्याला नेऊन दे, पोस्टानं नको. आजीचा गुडघा दुखतो, तेव्हा गाडी काठापर्यंत जाईल असा रस्ता मी आधी बघून ठेवतो. तारीख कळव.

तुझा मामा