मुंगसाने धरलेली कोंबडी आणि शोमरोन्याची ती एक रात्र



चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातले कोणतेही पोर उठून सांगेल : याजक बाजूने निघून गेला, लेवी बाजूने निघून गेला, शोमरोनी थांबला. आपले लक्ष नेहमी या थांबण्यावर असते. पण संत लूक पुढे आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपण घाईने वाचतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि तिथे त्याची काळजी घेतली. पैसे काढून दिले ते दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधली एक अख्खी रात्र तो त्या परक्या माणसाच्या उशाशी होता. त्या रात्री काय झाले ते शुभवर्तमान सांगत नाही. ज्यांनी दवाखान्यात कोणाजवळ रात्र काढली आहे त्यांना ते सांगण्याची गरजही नाही. दर तासाला पाणी, कण्हणे, पट्टी ओली झाली का ते बघणे, आणि पहाट कधी होते याची वाट.

या रात्रीवर बोलण्यासाठी मी आज एका कोंबडीची गोष्ट घेतो आहे. कोणी हसले तरी हरकत नाही. प्रभूलाही कोंबडीचे वावडे नव्हते. हेरोद तुला मारायला टपला आहे असे लोकांनी येशूला सांगितले, तेव्हा त्याने हेरोदाला कोल्हा म्हटले. आणि लगेच पुढे, यरुशलेमविषयी हळहळताना, स्वतःला पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली (लूक १३:३१-३४). सिंह, गरुड अशी भारदस्त नावे जुन्या करारात भरपूर होती. त्याने परसातली कोंबडी निवडली. कोल्ह्यापुढे कोंबडीजवळ काय असते? नखे नाहीत म्हणण्यासारखी, दात नाहीत. दोन पंख असतात, ते ती पसरते, आणि जो मार बसायचा तो स्वतःच्या पाठीवर घेते.

आपल्या धर्मग्रामातील एका माउलीच्या अंगणात हेच घडले. नाव सांगत नाही, ती समोरच्या बाकावर बसते आणि लाजेल. दुपारची वेळ, कोंबडी आठ-नऊ पिल्लांना घेऊन तुराट्यांच्या कुडाजवळ चरत होती. कुडातून मुंगूस आले. पिल्ले पोटाखाली शिरली आणि ती पंख पसरून बसली. ओरडा ऐकून माउली काठी घेऊन धावली, तोवर पाठीची पिसे उपटली गेली होती, एका पंखाखाली कातडे फाटले होते आणि मानेजवळ दातांच्या दोन खुणा होत्या. एक पिल्लू गेले, बाकीची वाचली.

शेजारच्यांनी सल्ला दिला तो आपण सर्वांनीच दिला असता. “कापून टाक ना बाई, मरून गेली त वाया जाईन.” हा सल्ला दुष्टपणाचा नाही, हे आधी मान्य करू. घरच्या कोंबडीची किंमत गरिबाच्या घरी सर्वांना ठाऊक असते. आणि आपण काही शाकाहारी मंडळी नाही. सणाला रस्सा लागतोच. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (१९९२) अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्याची मोकळीक स्पष्ट दिली आहे. तरी ती बाई म्हणाली, “फादर, जीव हाय ना तिच्यात आजून. पोरांसाठी मार खाल्ला तिनं.” आणि तिने कोंबडी टोपलीत घेतली.

तिने पुढे काय केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यात ही वेळ आपल्यापैकी बऱ्याच घरांवर येते. पहिली गोष्ट, तिने कोंबडीला लगेच खायला घातले नाही की सगळ्यांना दाखवत फिरली नाही. झटापटीनंतर पक्षी जखमेपेक्षा धक्क्याने लवकर मरतो. त्याला अंधार, ऊब आणि शांतता लागते. टोपलीत गोणपाट, वर सुती लुगड्याचा तुकडा, आणि आतल्या खोलीचा कोपरा. रक्त वाहत होते तिथे स्वच्छ फडके काही वेळ दाबून धरले. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड वरखाली होते तेव्हाच तिचा श्वास चालतो. म्हणून तिला छातीशी घट्ट आवळून धरू नये, गुदमरून मरते. पाणी चोचीत ओतू नये. जिभेच्या मुळाशीच श्वासाचे छिद्र असते, पाणी सरळ तिथे जाते. चोचीच्या कडेला थेंब लावावा, ती आपोआप गिळते. तिने साखर-मिठाचे पाणी असे थेंबाथेंबाने दिले, संध्याकाळपासून.

मग जखम. उकळून गार केलेल्या पाण्यात थोडे मीठ घालून ती धुतली, भोवतालची पिसे कात्रीने कापली, आणि औषधाच्या दुकानातले बीटाडीन पाण्यात पातळ करून लावले. हळद आपल्याकडे घरोघरी लावतात, लावा. पण आधी धुवा, घाणीवर हळद चोपडण्यात काही अर्थ नाही. शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्या काळचा रीतसर उपचार होता : द्राक्षारसाने जखम साफ होते, तेलाने मऊ राहते. कोंबडीवर मात्र तेल ओतू नका, पिसे चिकटतात आणि तिची ऊब जाते. फिनाईल किंवा रॉकेल तर मुळीच नको. पावसाळ्यात माशी बसली की एक-दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात, म्हणून टोपलीवर जाळीचे कापड हवे आणि सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघायला हवी. तिला दुसऱ्या कोंबड्यांतही सोडू नये. लाल रक्त दिसले की तिच्याच खुराड्यातल्या सोबतिणी त्या जागी टोचे मारतात. (यावर एक वेगळे प्रवचन होईल. आज नको.)

दातांच्या खुणा लहान दिसतात पण जंतू आत जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी ती कोंबडी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. प्रतिजैविक मिळाले. असे औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खायची नसतात, हे लक्षात ठेवा. दवाखाना लांब असेल तर शासनाचा १९६२ हा फोन क्रमांक जनावरांच्या मदतीसाठी आहे. आणि एक सावधगिरी : अंगावर जखम नसताना चार-पाच कोंबड्या माना टाकून मरू लागल्या तर ती गोष्ट निराळी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तिथे मायेने मांडीवर घेणे नाही. हात न लावता दवाखान्यात कळवणे हीच माया.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जिला पुढे कधीतरी आपण कापणारच आहोत, तिच्यासाठी रात्र जागवणे हा वेडेपणा आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला देकार्त वाचायला होता. प्राणी म्हणजे घड्याळासारखी यंत्रे, असे या सतराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंताचे मत. तो हुशार माणूस होता यात शंका नाही, पण त्याने रात्री कोंबडीजवळ कंदील धरून बसायला हवे होते असे मला वाटते. १७८९ साली बेंथम या इंग्रज विचारवंताने प्रश्न सरळ केला : त्यांना विचार करता येतो का हे विचारू नका, त्यांना दुःख होते का ते विचारा. आपली परंपरा याहून जुनी आहे. अनुवादाच्या २२व्या अध्यायात नियम आहे : घरट्यात पिल्ले किंवा अंडी सापडली तर ती घ्या, पण आईला सोडून द्या. पाहा, खाण्याची परवानगी आहे, आणि त्याच वाक्यात हात आवरण्याची आज्ञाही आहे. संत थॉमस अक्वायनस या नियमाविषयी लिहितो की जो मुक्या जिवाला कळवळतो, त्याचे मन माणसाला कळवळायलाही तयार होते.

म्हणजे खाणे आणि जपणे यांत विरोध आहे असे शास्त्राला वाटत नाही. कोंबडी खाणारा माणूसच तिच्या वेदनेचा जबाबदार आहे. तिला तडफडत ठेवण्याचा हक्क त्याला मिळालेला नाही. वाचण्यासारखी नसेल तर लवकर, एका झटक्यात तिचा त्रास संपवणे हीसुद्धा दयाच. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होते, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून सुई देऊन त्याला मरण दिले, आणि अहिंसेचा उपदेश करणाऱ्याने हे केले म्हणून देशभरातून रागाची पत्रे आली. त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. हाच माणूस पुढे आपल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हाताने मालिश करीत बसे. शास्त्रींची कुटी आजही तिथे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण सेवाग्रामला दवाखान्याच्या कामासाठी जातात. पुढच्या वेळी आश्रमात वळून ती कुटी पाहून या.

मुंगसाबद्दलही दोन शब्द. घरच्या मुलाने विष घालू म्हटले होते, माउलीने घालू दिले नाही. मुंगूस पापी नाही. त्याला भूक लागते आणि पिल्ले असतात. ते साप-उंदीर मारते म्हणून शेतकऱ्याचे मित्रही आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला मारणे गुन्हा आहे. विष घातले तर कुत्री-मांजरी मरतात, कधी लहान मूलही हात लावते. त्यापेक्षा खुराड्याला बारीक जाळी, खाली दगडाची फरशी आणि दाराला कडी. वाईट माणसाला आपण कोल्हा म्हणतो, खुद्द प्रभूने म्हटले; पण खरा कोल्हा बिचारा कोणतेही पाप करीत नाही.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. कोंबडी आजारी असताना तिला बघायला त्या अंगणात आठ दिवसांत निदान पंधरा माणसे आली. हळद कोणती, पट्टी कशी, सगळ्यांचे मत होते. त्याच गल्लीच्या टोकाला आपल्या धर्मग्रामातले एक बाबा खुब्याचे हाड मोडून दीड महिन्यापासून खाटेवर आहेत. त्यांची सून दिवसा मजुरीला जाते आणि रात्री त्यांना कुशीवर वळवते, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. त्यांच्याकडे त्या आठ दिवसांत किती जण गेले, हे मी त्या सुनेलाच विचारले. ती हसली आणि चहा ठेवायला उठली. धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २४१८) दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत : प्राण्यांना विनाकारण दुःख देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी खर्च व्हावा असा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. पैशाची गोष्ट आपल्याला फार लागू नाही, आपल्याकडे उधळायला पैसा नाहीच. वेळेची लागू आहे.

गंमत म्हणजे त्या बाबांकडे पहिल्यांदा गेली ती कोंबडीवाली माउलीच. बीटाडीनची उरलेली बाटली घेऊन गेली होती. सुनेला तिने सांगितले की आठवड्यातून दोन रात्री मी झोपायला येते, तू निवांत झोप. उतारशाळेच्या मालकाला शोमरोन्याने दोन दीनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. इथे दोन रात्री दिल्या गेल्या. हिशोब तुम्ही करा.

कोंबडीची पाठ भरून आली आहे. मुळापासून उपटलेली पिसे पुन्हा फुटू लागली आहेत, अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसे झडण्यापर्यंत तशीच राहतील, त्यामुळे ती सध्या थोडी विचित्र दिसते. पिल्ले आता तिच्या पंखाखाली मावत नाहीत, तरी शिरायला बघतात.

बाबांच्या घरी आठवड्यातल्या पाच रात्री अजून रिकाम्या आहेत. पुरुष मंडळींनी आल्यास बरे, कारण त्यांना उचलून बसवावे लागते. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या दाराजवळ वही ठेवली आहे. वार आणि नाव लिहा. ज्यांना रात्री जमत नाही त्यांनी दुपारी अर्धा तास गप्पा मारायला जावे, बाबांना कापसाच्या भावावर बोलायला फार आवडते.

आपला,
फादर