सहावा वाटेकरी

वारसा कर परत येणार, अशी हूल अधूनमधून उठते. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ती प्रचारसभांत गाजली आणि आमच्या वर्ध्यात अर्जनविसाच्या टेबलापर्यंत पोचली. सेलूकडच्या एका काकांना मुलगा म्हणाला, "बाबा, सरकार थो कर पुन्हा लावून राह्यलं म्हणते. शेत नं घर आत्ताच करून टाका नावावर."

असा कर आज नाही. १९५३ साली आलेली इस्टेट ड्यूटी वरच्या टप्प्याला ८५ टक्क्यांपर्यंत चढली, पण वर्षाकाठी जेमतेम २० कोटी हाती येतात म्हणून १९८५ मध्ये रद्द झाली. जिवंतपणीच वाटून ती चुकवता येऊ नये म्हणून १९५८चा बक्षीस कर होता. तोही १९९८ मध्ये गेला. त्या जुन्या कायद्यातली एक अट मला फार बोलकी वाटते. दिलेल्या मालमत्तेचा उपभोग देणाऱ्यानं पुरता सोडला नसेल, तर मृत्यूनंतर ती त्याचीच धरली जाई. कर चुकवायला मन खरंच मोकळं करावं लागे!

आता ती अडचण नाही. राहतं घर किंवा शेती मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर थोडा अधिभार. इतक्या स्वस्तात आयुष्यभराची मिळकत हातची जाते. सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहिली असेल, तर ती मोडल्यावर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं ते रद्द करून घेता येतं. पण ते वाक्य लिहा म्हटलं की मुलांचे चेहरे उतरतात. उतरू द्यावेत.

याच जिल्ह्यातल्या पवनारहून विनोबा भावे पायी निघाले, ते भूदान मागताना जमीनदाराला म्हणत, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा. प्राचीन राजाचा हिस्साही सहावाच. राजाचा सहावा चुकवायला आपण मध्यरात्री उठून कागद करतो. विनोबांनी मात्र कसलाही धाक न दाखवता मागितलं. (त्यातली काही जमीन खडकाळ निघाली, हेही खरं.)

काकांचा मसुदा मी वाचला. कराची भीती ओळीओळीत होती. हिंगणघाटला दिलेल्या मुलीचं नाव कुठंच नव्हतं. शेत वडिलोपार्जित, २००५पासून त्यात तिचा हक्क भावाइतकाच. मी विचारलं, "काका, पोरीला विचारलं का?"

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग कागदाची घडी घालून म्हणाले, "दिवाळीत येते थे. तवा बोलू."